दहापैकी सात

मार्च उजाडला की आमच्या इमारतीचा आवाज बदलतो. टीव्ही हळू होतात, जिन्यात चेंडू आपटणारी पोरं दिसेनाशी होतात आणि खालच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी खिडकीत बसून मोठ्यानं पाठ करायला लागते. काल ती इंग्रजीची क्रियापदं घोकत होती. गो, वेंट, गॉन. रन, रॅन, रन. मी वर चहा गाळत होते. कान तिकडे लागले आणि निम्मा चहा ओट्यावर गेला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण परीक्षेचा हंगाम माझ्या अंगातून गेलेला नाही. कुणी काही चुकीचं म्हटलं की माझी मान आपोआप वर होते. त्या मुलीचं मात्र काही चुकलं नव्हतं.

चुकलं होतं माझं, आणि त्यालाही आता अकरा वर्षं झाली.

त्या मार्चमध्ये अक्का होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. आम्ही शिरोळकडच्या जैन शेतकऱ्याच्या मुली. अक्काचं शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन तीन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मला कोल्हापुरात शाळेत नोकरी लागली तेव्हा घरात प्रश्न निघाला, पोरगी परगावी एकटी कशी राहणार? अक्का म्हणाली, "मी जातो की तिच्यासंगट." आमच्या भागात बायकाही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. मी शिक्षिका झाल्यावर 'आले, गेले' म्हणायला लागले, अक्का कधीच लागली नाही. वर्षभरासाठी म्हणून आलेली ती सव्वीस वर्षं राहिली. मी लग्न केलं नाही. करावं असं कधी तीव्रतेनं वाटलंही नाही, कारण घर तर होतंच.

बोर्डाचे पेपर तपासायला आले की त्या घराला शिस्त लागायची. कापडात बांधलेले गठ्ठे पलंगावर, त्यांच्याशेजारी मी, आणि माझ्या बाजूला लाल पेनांचा पेला. बाहेर उन्हाची झळ, कुठूनतरी पाचट पेटवल्याचा वास, रस्त्यावर हंगामातल्या शेवटच्या उसाच्या ट्रॉल्या. अक्का दारावर पहारा द्यायची. कुणी आलं तर बाई घरात नाहीत असं सांग, हे मी तिला दरवर्षी बजावायची आणि दरवर्षी ती नकार द्यायची. खोटं बोलायचं नाही हा तिचा नेम. ती पाहुण्यांना सरळ सांगायची, "घरात हाय, पण भेटायची न्हाय. पेपर हायत. च्या घ्या आनि जावा." माणसं चहा घेऊन मुकाट्यानं जायची. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे, माझंही नाही.

त्या वर्षी प्रश्नपत्रिकेत एक छोटा प्रश्न होता. 'रन' हे क्रियापद वेगवेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्यं लिहा. मला प्रश्न आवडला होता. मुलांनी त्याची जी काही वाट लावली, ती वाचून मी एकटीच हसत होते. एकानं लिहिलं होतं, मी जोरात पळतो, मी हळू पळतो. झाले दोन अर्थ. एकानं पहिल्या वाक्यात स्वतःला पळवलं आणि दुसऱ्यात म्हशीला. एक मात्र पोरगी होती कुणीतरी, नदीकाठच्या गावची असावी. तिनं लिहिलं होतं की आमच्या गावावरून कृष्णा वाहते आणि माझी आई दुकान चालवते. मी पूर्ण गुण दिले आणि ते वाक्य अक्काला वाचून दाखवलं.

अक्का तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"सुजे, रन म्हंजे पळणं न्हवं?"

"हो."

"मग दुकान कसं काय पळतंय?"

मला समजावून सांगायला आवडतं, तोच माझा धंदा होता. मी सांगितलं, शब्द आधी पायांचा असतो. माणूस पळतो, घोडा पळतो. मग पाण्याकडे बघून कुणाला तरी वाटतं, हेही पळतंय. पाण्याला पाय नाहीत, पण थांबणं नाही एवढं तर सारखं आहे. मग यंत्र पळतं, कारण तेही थांबत नाही. मग दुकान, मग घर, मग राज्य. इंग्रज माणसाच्या घरात साखर संपते तीसुद्धा पळून जाऊनच. नाक गळतं ते पळतं, साडीचा रंग जातो तोही पळतो. पाय कधीच गळून पडलेले असतात आणि पळणं तेवढं उरलेलं असतं.

अक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इंग्रज लई घाईचा मानूस दिसतोय. समदं पळतंयच त्येचं. आपलं बरं हाय की. आपलं घर चालतंय, दुकान चालतंय, गाडी चालतीया. काय कमी जास्त झालं तर 'चालंल' म्हनायचं, झालं."

तीस वर्षं दोन भाषांमध्ये ये-जा करून जे मला दिसलं नव्हतं ते तिनं तांदळातले खडे काढता काढता दाखवलं. ते मी तिला बोलून दाखवलं नाही. शिक्षकाला अशी कबुली द्यायला जड जातं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला बी शिकीव की. ह्या पोरांपरीस बरं लिवीन."

मला गंमत वाटली. छप्पन वर्षांची अक्का, तिचं सातवीपर्यंतचं मोडकंतोडकं इंग्रजी. मी तिला शंभर पानी वही दिली आणि ऐटीत सांगितलं, रनची वाक्यं कर, दहा गुणांची परीक्षा घेते. ती दुपारी जेवणं आवरली की ओट्याला टेकून बसायची आणि पेन्सिल जिभेला लावून लिहायची. शब्द अडला की मला विचारायची, मी गठ्ठ्यातून मान वर न करता सांगायची. सुरुवातीची वाक्यं ती वाचून दाखवायची. नळ पाचला येतो. बस जयसिंगपूरला जाते. एक वाक्य तर मी शाळेत नेऊन सगळ्यांना सांगितलं होतं: द मिल्क रन्स ओव्हर, सुजाता इज रीडिंग. दूध उतू जातंय, सुजाता वाचतीय. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. घरी येऊन मी तिला सांगितलं तेव्हा तीही हसली. पण त्यानंतर तिनं वाक्यं वाचून दाखवणं बंद केलं, आणि ते बंद झालंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

गठ्ठे परत करायच्या आदल्या रविवारी मी सकाळपासून तपासत होते. शेवटचे दोन गठ्ठे. परीक्षकाचा हात एका वेळेनंतर आपल्या मालकीचा राहत नाही. डोळा ओळीवरून जातो, हात गोल करतो, खूण करतो, गुण देतो, खाली सही करतो आणि पान उलटतो. आपण वाचतोय असं वाटत असतं. खरं तर आपण फक्त शोधत असतो, हवं ते आहे का, आणि चूक कुठे आहे. शेवटच्या गठ्ठ्याच्या तळाला अक्काची वही होती. ती मी त्याच हातानं तपासली, गुण दिले आणि सही केली. "दहापैकी सात," मी ओरडून सांगितलं. आतून आवाज आला, "पास न्हवं?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास." मी अंग टाकलं आणि झोपून गेले.

मे महिन्यातली दुपार. मी लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होते. अक्का समोर येऊन बसली.

"सुजे, मग मी कवा निघू?"

"कुठं?"

"संघात. माताजींच्या बरोबर. दीक्षा घ्यायची म्हनतो. वहीत तुला इचारलंतं की. तू सही करून दिलीस."

संघ म्हणजे दिगंबर साधू-साध्वींचा, आणि माताजी म्हणजे त्यातल्या साध्वी. त्या हिवाळ्यात तो कोल्हापुरात मुक्कामाला होता आणि अक्का रोज सकाळी प्रवचनाला जायची, हे मला माहीत होतं. त्यात मी काही वावगं पाहिलं नव्हतं. पण दीक्षा म्हणजे घर सोडणं. नातं सोडणं, नाव सोडणं, वाहनात न बसणं, अनवाणी गावोगाव चालत राहणं. आणि त्यासाठी घरच्यांची संमती लागते. अक्काच्या घरची म्हणजे माझी.

कैरी विळीवर अर्धवट चिरलेली तशीच राहिली. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती.

"वाचलंस न्हवं?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. अक्का, मी वाचलं नाही. मला माफ कर, आता सांग, तोंडानं सांग, आणि जाऊ नको. पण मग मला हेही कबूल करावं लागलं असतं की सव्वीस वर्षांत तिनं मला लिहिलेलं एकुलतं एक पत्र मी गठ्ठ्यातला पेपर म्हणून तपासलं.

"वाचलं की," मी म्हणाले.

संध्याकाळी ती देवळात गेली तेव्हा मी वही काढली. आठ पानांपर्यंत नळ होता, दूध होतं, बस होती. नवव्या पानावर होतं: आय रन धिस हाउस ट्वेंटी सिक्स इयर्स. हे घर मी सव्वीस वर्षं चालवते आहे. मी काळ दुरुस्त केला होता, लाल पेनानं. त्याखाली, माझे पाय आता पळत नाहीत, माझ्या पायांना चालायचं आहे. त्याखाली, माताजी चालतात, मला त्यांच्या मागून चालायचं आहे. त्याखाली, सुजाता एकटीनं घर चालवू शकेल का? सुजाता हो म्हणेल का? इंग्रजी चुकांनी भरलेलं होतं, पण कळत सगळं होतं. मराठीत तिला हे बोलता आलं नसतं. मराठीत ती रडली असती, मी रडले असते, आणि ती राहिली असती. परक्या भाषेत ती नुसती वाक्यं होती, सरावाची.

त्यातल्या तीन वाक्यांवर मी आडवी रेघ मारली होती आणि बाजूला शेरा लिहिला होता, रनचा वापर नाही. म्हणून तीन गुण गेले होते. खाली माझी वळणदार सही. चिरलेल्या कैऱ्यांना मीठ लावायचं राहून गेलं. नंतर कैऱ्या तशाच टाकून द्याव्या लागल्या.

दोन वर्षं ती संघाबरोबर राहिली आणि मग दीक्षा झाली. मंडपात नातेवाइकांना संमती विचारतात. मी उभी राहून हो म्हणाले. तिनं स्वतःच्या हातांनी केस उपटले, पांढरं वस्त्र घेतलं, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घेतलं. आर्यिका म्हणून, म्हणजे साध्वी म्हणून, तिला नवं नाव मिळालं. लोकांनी जयजयकार केला, बायका माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, नशीब काढलंत, घरात आर्यिका झाली. मी मान हलवत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तिचा हात धरून तिला घरी ओढत न्यावंसं वाटत होतं.

त्यानंतर घर मी चालवलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. गॅस संपण्याआधी सिलिंडर हलवून बघायचा असतो, हे मला पन्नाशीनंतर कळलं. दूध उतू गेलं तर त्याबद्दल बोलायला कुणी नसतं, आपणच पुसायचं. दाराशी कुणी आलं की मी स्वतःच सांगते, घरात आहे, आणि ते बसले तर मला बरंच वाटतं, पण बसत नाहीत. एखाद्या सकाळी मी भात दोघींचा लावते. तो दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन, मीच खाते.

पावसाळ्यात त्यातल्या त्यात बरं असतं. साधूंचा चातुर्मास एका गावी असतो, चार महिने ती कुठे आहे ते ठाऊक असतं. नकाशात बघायला एक ठिकाण मिळतं. मार्चमध्ये मिळत नाही. मार्चमध्ये संघ चालत असतो, आज या गावात, उद्या त्या. डांबर तापलेलं असतं. दुपारी मी फरशीवर पाय टेकते आणि ती गार लागली की मला अपराध्यासारखं होतं.

गेल्या मार्चमध्ये कळलं की संघ जयसिंगपूरजवळच्या एका गावात चार दिवस थांबणार आहे. मी गेले. साधूंना आहार द्यायचा तर त्याचे नियम असतात. देणाऱ्यानं सूर्यास्तानंतर जेवायचं नसतं, ते मी सोडलंच होतं. देवळाशेजारच्या खोलीत चूल मांडली, विहिरीचं पाणी कापडातून गाळलं, मूगडाळ, भात, दूध केलं, आणि हातात कलश घेऊन दारात उभी राहिले. त्या ओळीत अशा सात-आठ जणी उभ्या होत्या. आर्यिका मनात काही नेम धरून निघतात, तो ज्या दारी जुळेल तिथेच थांबतात, कुणाच्या दारी थांबायचं ते नात्यावर ठरत नाही. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोरून गेली. मी पाय पाहिले, टाचांना भेगा पडलेल्या. चेहरा पाहायचं धाडस झालं नाही. ती चार दारं पुढे थांबली. माझ्या चुलीवरचा भात मी गावातल्या मुलांना वाढला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर थांबली.

देणाऱ्यानं आधी म्हणायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-पाणी शुद्ध. मन शुद्ध मी म्हटलं. वचन शुद्ध म्हणताना जीभ अडली. बाजूच्या बाईला वाटलं मी विसरले, तिनं पुढचे शब्द सांगितले. मी कसंबसं म्हटलं. ती बसली, तिनं हातांची ओंजळ केली आणि मी त्यात घास ठेवत गेले. तिखटाशिवाय एक घास न खाणारी माझी अक्का, आळणी डाळभात शांतपणे खात होती. तिचे हात काळे पडले होते आणि बारीक झाले होते.

आहार झाल्यावर ती थोडा वेळ बसली. लोक दर्शन घेऊन गेले. मी एकटीच उरले तेव्हा पुढे सरकले.

"माताजी, ती वही मी वाचली नव्हती. न वाचताच सही केली. आणि वाचली म्हणून खोटं बोलले."

ती खाली बघत होती.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"तवाच. वाचली असतीस तर सही केली असतीस व्हय? म्हनून तर गठ्ठ्याच्या तळाला ठिवली. तवर तू दमलेली असतीस."

ही तीच, पाहुण्यांपुढे माझ्यासाठी साधं खोटं न बोलणारी अक्का.

मग तिनं पिंछी उचलली, पाठ सरळ केली, आणि आवाज बदलला. "त्याचं प्रायश्चित्त मी गुरूंपुढं घेतलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तुम्ही म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. मी "वंदामि" म्हणून डोकं टेकवलं, तिनं पिंछीनं आशीर्वाद दिला आणि ती उठून इतर आर्यिकांमध्ये गेली. पाठमोऱ्या पांढऱ्या वस्त्रांमध्ये तिसरी ती की चौथी, मला नक्की सांगता आलं नाही.

मी दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला आले. मोकळं वाटायला हवं होतं. दहा वर्षं मी रोज सकाळी त्या तीन आडव्या रेघा आठवत होते, स्वतःला दोष देत होते, मनातल्या मनात तिची समजूत काढत होते, तिला थांबवत होते. मी नीट वाचलं असतं तर ती गेली नसती, हे मला ठाम माहीत होतं. तेच तिलाही माहीत होतं, आणि म्हणून तिनं मला वाचू दिलं नाही. तिला माझी परवानगी नको होती, नुसती सही हवी होती. माझ्या हातून काही झालंच नव्हतं, ती निघालेलीच होती.

कुलूप उघडून आत आले, पाणी प्यायले, पलंगावर बसले. एवढी वर्षं या घरात मी आणि तो अपराध अशी आमची दोघांची सोबत होती. आता तोही नव्हता.